पुंज-कूटलेखन आणि सहकारी ठेवीदार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचे अर्थजीवन सहकारावर उभे आहे. उसाचे व दुधाचे पैसे सहकारी बँका आणि पतसंस्था यांतून शेतकऱ्याच्या हाती येतात. आज या व्यवहारांचे संदेश ज्या कूटांनी झाकले जातात, त्यांतील एका महत्त्वाच्या वर्गाचा आधार एवढाच की, प्रचंड संख्येचे अवयव पाडणे अतिशय कठीण आहे. पुंजगणकाला मात्र ते साध्य होईल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले. एवढा समर्थ गणक अद्याप झालेला नाही. परंतु आज साठविलेले संदेश उद्या उलगडता येतील, हे विसरता येत नाही.

यावर उपाय दोन. पहिला बेनेट व ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडला. कूटाची किल्ली एकेका प्रकाशकणावरून पाठवावयाची. मध्येच कोणी तो कण मोजू पाहिला, तर त्याची अवस्था बिघडते आणि चोरी उघड होते. व्हिएन्ना येथे २००४ मध्ये या रीतीने रक्षिलेला बँक-व्यवहार पार पडला. दुसरा उपाय म्हणजे पुंजगणकालाही दुर्भेद्य वाटणारे गणित. त्याची पहिली तीन प्रमाणके अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्यास स्वतंत्र यंत्रसामग्री लागते. शिवाय लांबच्या तारमार्गावर ज्या मधल्या ठाण्यांत किल्ली उघडी होते, तेथील रखवालदारावर विश्वास टाकावा लागतो. दुसरा उपाय बहुतांशी आज्ञावली बदलून साधतो.

तथापि मार्ग सुरक्षित झाला म्हणजे त्याची टोके सुरक्षित झाली, असे नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते बहुतांशी खोट्या यंत्रणेने पैसे देण्यास संमती दिल्यामुळे. संदेशाचे कूट फोडण्याची गरजच पडली नाही. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तो पुरेशा भांडवलाच्या अभावी. ठेवीदाराच्या विम्याची मर्यादा पाच लाखांची. अशा संकटावर कोणतेही कूट उतारा नाही.

म्हणून खरा प्रश्न शासनव्यवस्थेचा आहे. नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याच्या अधीन असतात. नवी कूटे केवळ मोठ्या बँकांनी स्वीकारली, तर दुर्बळ दुवा खेड्यातच राहील. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय पुंज मोहिमेस ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. तिच्या फळांत लहान संस्थांचाही वाटा असावा, किल्ली कोणाच्या ताब्यात आहे याची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि यंत्रणेच्या दोषाचा भार ठेवीदारावर पडू नये, ही त्रिसूत्री आधी मान्य व्हावी. प्रकाशकण चोरी दाखवून देईल. तिची जबाबदारी कोणाची, हे मात्र कायद्यानेच ठरवावे लागेल.