आजी, मराठी भजन आणि ख्रिस्ती श्रद्धेचे संक्रमण

ख्रिस्ती श्रद्धेच्या संक्रमणात आजीचे स्थान आरंभापासूनच दिसते. नव्या करारात तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ आजी लोईस हिच्या ठायी दाखविले आहे. महाराष्ट्रात या संक्रमणाचे माध्यम ओवी व अभंग ठरले. रेव्ह. ना. वा. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपुरे ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे उद्योगपट्टा चाकणपर्यंत विस्तारला. येथे आईवडील पाळ्यांत काम करीत असल्यास सायंप्रार्थना आजीकडे येते. परंतु आजी मराठीत प्रार्थना करते आणि इंग्रजी माध्यमातील नातवंडांना भजन पाठ होते. अर्थ मात्र निसटतो. अर्थाविना पाठांतर म्हणजे श्रद्धा नव्हे. म्हणूनच भजनाचा अर्थ उलगडून सांगणे, हे आजच्या आजीचे प्रमुख कार्य ठरते.