तीन क्रांत्यांचा सरदार

मिंडेनच्या लढाईत तोफेचा गोळा लागून वडील गेले, तेव्हा जिल्बेर दु लाफाएत पुरता दोन वर्षांचाही नव्हता. १७७० मध्ये आई आणि आजोबाही गेले आणि ओव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखातल्या शाव्हान्याकच्या गढीचा हा पोरका वारस फ्रान्समधल्या गडगंज तरुणांत जमा झाला. सोळाव्या वर्षी त्याचे लग्न झाले, ते दरबारात वजन असलेल्या नोआय घराण्यातल्या चौदा वर्षांच्या आद्रियेनशी. पैसा, सासर, सैन्यातला हुद्दा सारे हाताशी होते. व्हर्सायमध्ये मुजरे करत आयुष्य सुखात गेले असते.

पण ऑगस्ट १७७५ मध्ये मेत्झच्या छावणीत एक मेजवानी झाली. पाहुणा होता इंग्लंडच्या राजाचा भाऊ, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर. इंग्रजांविरुद्ध अमेरिकन वसाहतींनी पुकारलेल्या बंडाची हकिगत लाफाएतने ऐकली ती त्याच्याच तोंडून. पुढे फ्रान्सच्या राजाची मनाई धुडकावून त्याने पदरच्या पैशाने ‘ला व्हिक्त्वार’ नावाचे जहाज घेतले आणि एप्रिल १७७७ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावरून अमेरिकेकडे कूच केले.

अमेरिकन काँग्रेस तोवर हुद्दे मागत येणाऱ्या युरोपियनांना विटली होती. हा पोरगा मात्र पगार नको म्हणत होता, शिवाय फ्रेंच दरबारात त्याची ओळख होती. एकोणिसाव्या वर्षी तो मेजर जनरल झाला. ब्रँडीवाइनच्या लढाईत पायात गोळी लागली, तरी पळणाऱ्या सैनिकांना सावरत राहिला. निपुत्रिक वॉशिंग्टनचा त्याच्यावर जीव जडला. १७८१ मध्ये तुटपुंज्या फौजेनिशी व्हर्जिनियात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचा पाठलाग त्यानेच केला. फ्रेंच आरमार आणि फ्रेंच सेनापती रोशांबोचे सैन्य येऊन मिळाल्यावर यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रे ठेवली. लाफाएतच्या मुलाचे नावच जॉर्ज वॉशिंग्टन.

स्वातंत्र्याचे हे वेड गुलामांपर्यंतही पोचले, पण अर्धेच. त्याने दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीत, कायेनमध्ये मळे घेतले. तिथल्या गुलामांना मोबदला द्यायचा, शिकवायचे आणि हळूहळू मुक्त करायचे, असा बेत होता. मुक्ती लांबत गेली. पुढे फ्रेंच क्रांतीत मालमत्ता जप्त झाली आणि ही माणसे पुन्हा विकली गेली.

ती क्रांती पेटत असतानाच, ११ जुलै १७८९ रोजी त्याने फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेपुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा ठेवला. त्यासाठी त्याने सल्ला घेतला होता अमेरिकेचा पॅरिसमधला वकील जेफरसन याचा. चारच दिवसांत, बास्तीयचा तुरुंग पडल्यावर, तो पॅरिसच्या नॅशनल गार्डचा सेनापती झाला. पॅरिसच्या लाल-निळ्यात राजघराण्याचा पांढरा रंग घालून तिरंगी फीत रूढ करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. बास्तीयची किल्ली त्याने वॉशिंग्टनला धाडली. ती आजही माउंट व्हर्ननमध्ये आहे.

६ ऑक्टोबरला संतापलेला जमाव व्हर्सायच्या अंगणात उभा असताना त्याने राणी मारी आंत्वानेतला सज्जात आणले आणि वाकून तिच्या हाताचे चुंबन घेतले. क्षणापूर्वी शिव्या देणारे लोक जयजयकार करू लागले. लाफाएतची सारी कमाई आणि सारी अडचण त्या एका कृतीत दिसते. जनतेत मिळवलेली पुण्याई तो राजाच्या पदरात टाकत गेला. स्वतः सत्ता बळकावण्याचा मोह त्याला झाला नाही. कायद्याने बांधलेला राजा त्याला हवा होता आणि राजाला बांधून घ्यायचे नव्हते.

जून १७९१ मध्ये राजा पळाला, तेव्हा पहारा लाफाएतचाच होता. १७ जुलैला शां द मार्सच्या मैदानात राजाविरुद्ध अर्जावर सह्या करणाऱ्या जमावावर त्याच्या गार्डने गोळ्या झाडल्या. दरबाऱ्यांच्या लेखी तो आधीच घरभेदी होता, आता जहालांच्या लेखी खुनी ठरला. ऑगस्ट १७९२ मध्ये राजेशाही कोसळली, तेव्हा अटक टाळण्यासाठी त्याने सरहद्द ओलांडली. पलीकडे ऑस्ट्रियनांनी त्याला पकडले, कारण त्यांच्या दृष्टीने तो क्रांतिकारक!

पाच वर्षे कैद, शेवटची ओल्म्युट्झच्या तुरुंगात. दरम्यान आद्रियेनची आजी, आई आणि बहीण एकाच दिवशी गिलोटिनखाली गेल्या. कैदेतून तिची स्वतःची सुटका झाल्यावर दोन मुलींना घेऊन ती व्हिएन्नाला पोचली, सम्राटाची परवानगी मिळवली आणि १७९५ मध्ये नवऱ्याच्या कोठडीत स्वखुशीने राहायला गेली. तिथे खंगलेली तब्येत पुन्हा सुधारली नाही. १८०७ मध्ये ती वारली.

नेपोलियनच्या मुत्सद्देगिरीमुळे सुटूनही लाफाएत त्याचा मिंधा झाला नाही. आजन्म कॉन्सलपदाविरुद्ध मत दिले आणि लेजन ऑफ ऑनर नाकारले. १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर नेपोलियनच्या पदत्यागासाठी संसदेत आग्रह धरणाऱ्यांत तो पुढे होता. १८२४-२५ मध्ये अमेरिकेने बोलावले. चोवीसच्या चोवीस राज्यांत मिरवणुका निघाल्या आणि काँग्रेसने २ लाख डॉलर व जमीन दिली.

१८३० च्या जुलैत पॅरिस पुन्हा पेटले. बहात्तर वर्षांचा लाफाएत पुन्हा नॅशनल गार्डचा सेनापती झाला. प्रजासत्ताकाची घोषणा त्याने केली असती, तर लोकांनी उचलून धरली असती. पण ३१ जुलैला नगरभवनाच्या सज्जात त्याने तिरंगा हाती घेऊन ऑर्लेआँचा ड्यूक लुई फिलिप याला मिठी मारली आणि देशाला नवा राजा मिळाला. डिसेंबरमध्ये त्याच राजाशी बिनसून लाफाएतला सेनापतिपद सोडावे लागले आणि त्याने विरोधी बाक गाठला.

२० मे १८३४ रोजी तो वारला. दंगल होईल या धास्तीने सरकारने अंत्ययात्रेला फौजेचा वेढा घातला आणि लोकांना लांब ठेवले. पॅरिसमधल्या पिकप्युच्या दफनभूमीत आद्रियेनशेजारी, अमेरिकन युद्धातल्या बंकर हिलच्या रणभूमीहून आणलेल्या मातीत त्याला पुरले. अमेरिकेने २००२ मध्ये त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले. फ्रान्समध्ये राजनिष्ठांनी व्हर्सायचा ऑक्टोबर आणि डाव्यांनी शां द मार्सचा गोळीबार त्याच्या खाती मांडून ठेवला आहे. राष्ट्रपुरुषांच्या पांथेऑन या स्मारकात त्याला अजून जागा मिळालेली नाही.