दुकानातल्या संगणकाचा नवा पत्ता : चालू आहे की नाही, स्वतःच तपासा

दुकानात संगणक आला आणि त्याच्या मागोमाग इंटरनेटही आले. बिल काढणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे, ई-वे बिल तयार करणे, घाऊक व्यापाऱ्याला मालाचे फोटो पाठविणे ही कामे आज आडत दुकानापासून पॉवरलूमच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र होतात. मात्र हा संगणक इंटरनेटवर कोणत्या पत्त्याने ओळखला जातो, याची चौकशी आपले व्यापारी बांधव सहसा करीत नाहीत. चालते आहे तोवर विचारतो कोण?

अडचण येते ती दोन प्रसंगी. घरी बसून दुकानातला कॅमेरा पाहावयाचा असतो किंवा गोदामातून दुकानाचा हिशेब उघडावयाचा असतो, आणि काही केल्या ते जमत नाही, हा एक. दुसरा असा की, काही संकेतस्थळे झटकन उघडतात तर काही अर्ध्यावरच अडकून बसतात. मग दुरुस्तीसाठी बोलावलेला मुलगा येतो, एका चौकटीतील खूण काढून टाकतो, 'आयपी सिक्स बंद केले, आता चालेल' असे सांगतो आणि आपले पैसे घेऊन जातो. आमच्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा आहे आणि पाव तासात आपली आपण तपासणी कशी करावी, हे येथे सांगावयाचे आहे.

पत्ते संपले कसे?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. १९८० च्या दशकात जी पत्तापद्धती रूढ झाली तिला आयपीची चौथी आवृत्ती म्हणतात. तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. त्या काळी हा आकडा अफाट वाटला होता. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या पुढे गेली आहे आणि एकेका घरात चार-चार यंत्रे आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले. आशिया व पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला आटला आणि तेव्हापासून या भागात नव्या कंपन्यांना मोजूनमापूनच पत्ते मिळू लागले.

माल दुर्मीळ झाला की त्याला भाव चढतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. २०११ मध्ये नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीकडील ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला विकत घेतले. म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. पुढे ॲमेझॉनच्या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या विभागाने १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक जुन्या पत्त्यावर तासाला अर्धा सेंट आकारणे सुरू केले. हिशेब केला तर महिन्याला साडेतीन डॉलरहून अधिक होतात. मिरजेहून सतार किंवा कोल्हापुरातून चप्पल परदेशी विकणाऱ्या आपल्या कारागिराने स्वतःचे संकेतस्थळ अशा सर्व्हरवर ठेवले असेल, तर हा खर्च त्याच्याही बिलात उमटतो.

यावर उपाय म्हणून सहावी आवृत्ती १९९५ मध्येच कागदावर आली होती व १९९८ मध्ये ती सुधारून पक्की करण्यात आली. (पाचवा अंक एका प्रायोगिक पद्धतीला दिला गेला होता, ती काही रुजली नाही.) या नव्या पद्धतीत ३४० च्या पुढे ३६ शून्ये मांडावीत एवढे पत्ते आहेत. ६ जून २०१२ रोजी जगातील मोठमोठ्या संकेतस्थळांनी ती कायमची सुरू केली. आपल्या देशात २०१६ मध्ये जिओची सेवा आली. या कंपनीने आपले जाळेच मुख्यतः नव्या पत्त्यांवर उभारले आणि त्यानंतर भारत या बाबतीत जगातील पुढच्या देशांत जाऊन बसला. म्हणजे आपल्या खिशातील मोबाइल बहुधा नव्या पत्त्यानेच बोलत असतो. मागे राहिला आहे तो गल्ल्यावरचा संगणक.

एक दार आणि शंभर बिऱ्हाडे

जुने पत्ते अपुरे पडल्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. एखाद्या मोठ्या चाळीला एकच दार असावे आणि तेथे एक दरवान बसावा, तसे हे आहे. चाळीतून पत्र बाहेर गेले की दरवान वहीत नोंद करतो आणि उत्तर आल्यावर ते नेमक्या बिऱ्हाडात पोचवितो. पण बाहेरून कोणी आपणहून आला, तर कोणाकडे पाठवावयाचे हे त्याला समजत नाही आणि तो परत पाठवितो. दुकानाचा कॅमेरा घरून दिसत नाही तो यामुळेच. राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो, कारण दार आपल्या ताब्यातच नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचे ॲप चालते खरे, परंतु ते कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने. स्वतंत्र कायमचा पत्ता मागावा, तर त्याचे वेगळे भाडे पडते.

नव्या पद्धतीत प्रत्येक संगणकाला, कॅमेऱ्याला आणि छपाईयंत्राला थेट स्वतःचा पत्ता मिळू शकतो. मधला दरवान लागत नाही. हा मोठा फायदा आहे. धोकाही त्यातच आहे, त्याविषयी पुढे येईलच.

काहींची अशी समजूत आहे की, टेलिफोन क्रमांकांच्या आधी एक २ लागला होता तसेच हे अंक वाढविणे आहे. तसे नाही. जुना आणि नवा पत्ता एकमेकांशी सरळ बोलू शकत नाहीत. म्हणून संगणकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू ठेवतात. आपल्या दुकानात गिऱ्हाईक मराठीत बोलले तर आपण मराठीत बोलतो, उर्दूत बोलले तर उर्दूत, त्याप्रमाणेच. संगणक सहसा आधी नवी भाषा करून पाहतो आणि समोरून उत्तर आले नाही तर जुनीकडे वळतो. सबब, नवे सुरू केल्याने जुने बिलाचे छपाईयंत्र किंवा हजेरीचे यंत्र बंद पडेल, ही भीती बाळगू नये. ती आपली जुन्याच पत्त्यावर चालत राहतात.

तपासणी

ज्या संगणकात विंडोज व्हिस्टा किंवा त्यानंतरची विंडोज आहे, त्यात नवी पद्धत मुळातच चालू असते. वेगळे काही बसवावे लागत नाही. विंडोज एक्सपीमध्ये ती हाताने बसवावी लागे, पण एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे २०१४ मध्येच बंद झाले. अजून कोणाच्या गल्ल्यावर तो संगणक असेल तर त्याला इंटरनेटपासून तोडलेलेच बरे. विंडोज ७ चा पाठिंबाही जानेवारी २०२० मध्ये संपला.

विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून आर ही कळ दाबावी. छोटी चौकट उघडते, त्यात 'सीएमडी' ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर करावे. काळा पडदा येतो. त्यावर 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहावा. बऱ्याच ओळी येतात, त्यांपैकी आयपीव्ही६ असे लिहिलेल्या ओळी पाहाव्यात. एफ, ई, आठ, शून्य अशी सुरुवात असलेला पत्ता केवळ दुकानाच्या आतल्या आत चालतो. तो दिसला म्हणजे संगणक तयार आहे, एवढेच. इंटरनेटवर चालणारा पत्ता २ किंवा ३ या अंकाने सुरू होतो, आणि आपल्या देशात त्याची सुरुवात बहुधा २४ ने होते. असे एकाहून अधिक पत्ते दिसले तर गोंधळू नये. त्यांपैकी 'टेंपररी' असे लिहिलेला पत्ता संगणक आपणहून बदलत राहतो, जेणेकरून बाहेरच्याला आपला माग काढता येऊ नये.

नंतर त्याच पडद्यावर 'पिंग' हा शब्द, जागा सोडून आडवी रेघ व त्याला जोडून ६ चा आकडा, पुन्हा जागा सोडून 'गूगल डॉट कॉम' असे इंग्रजीत लिहावे. चार वेळा उत्तर आले तर रस्ता खुला आहे. शेवटी ब्राउझरमध्ये 'टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम' हे संकेतस्थळ उघडावे. ते दहापैकी गुण देते. दहा मिळाले तर पुढे काही करावयाचे नाही.

२ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ताच दिसत नसेल, तर दोष संगणकाचा की कंपनीचा, हा प्रश्न उरतो. येथेच आपल्याकडून फुकटचे पैसे जातात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. राउटरची तार काढावी आणि संगणक मोबाइलला यूएसबीच्या तारेने किंवा हॉटस्पॉटने जोडावा. मोबाइल नव्या पत्त्यावर चालणाऱ्या कंपनीचा असेल, तर आता तीच तपासणी बहुधा यशस्वी होईल. तसे झाले तर संगणक निर्दोष आहे आणि अडचण राउटरमध्ये किंवा तार देणाऱ्या कंपनीकडे आहे. मोबाइलवरही होत नसेल, तर कोणीतरी पूर्वी ती खूण काढून ठेवली आहे का, ते पाहावे. त्यासाठी त्याच छोट्या चौकटीत 'एनसीपीए डॉट सीपीएल' असे इंग्रजीत लिहावे, आपल्या जोडणीवर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि सहाव्या आवृत्तीसमोर खूण करावी. मायक्रोसॉफ्ट स्वतःच ती काढू नका असे सांगते.

दोष राउटरमध्ये असेल, तर त्याच्या पानावर आयपीव्ही६ नावाचा भाग असतो. तो चालू करून 'ऑटो' ठेवावा आणि राउटर एकदा बंद करून चालू करावा. फार जुन्या राउटरमध्ये हा भागच नसतो. मग कंपनीला विचारावे लागते. 'आमच्या जोडणीवर आयपीव्ही६ मिळते का, आणि आमच्या दुकानासाठी पत्त्यांचा गट कायमचा मिळेल की बदलता?' एवढा एकच प्रश्न विचारावा. गट बदलता असेल तर कॅमेऱ्याचा पत्ताही अधूनमधून बदलणार, हे ध्यानात ठेवावे.

आता अर्ध्यावर अडकणाऱ्या पानांविषयी. पूर्वी सुरक्षेच्या नावाखाली पिंगच्या जातीचे सर्व निरोप अडविण्याची पद्धत होती. जुन्या पद्धतीत ते कसेबसे खपून जाई. नव्या पद्धतीत मात्र 'गठ्ठा मोठा आहे, लहान करून पाठवा' हा निरोपही त्याच जातीचा असतो. तो अडविला की छोटी पाने उघडतात आणि मोठी लटकतात. अशा वेळी सहावी आवृत्ती बंद करू नये. राउटरमधील तो अडसर काढावा.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, दुकानात पाय ठेवावयास जागा नसताना, हे प्रयोग करू नयेत हे सांगणे नलगे. सकाळी दुकान उघडण्यापूर्वीची वेळ उत्तम.

दरवान नाही, कुलूप हवे

मधला दरवान गेला म्हणजे त्याचा अजाणता मिळणारा आडोसाही गेला. बाहेरचा माणूस आता सरळ आपल्या कॅमेऱ्याच्या दारापर्यंत येऊ शकतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीही न बदललेले कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या साहाय्याने अमेरिकेतील नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पाडली. तो प्रकार जुन्या पत्त्यांवरचा होता. नव्या पत्त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की चोराला एकेक दार ठोठावत फिरणे कठीण जाते, पण त्यावर विसंबून कोणी दुकान उघडे टाकून जात नाही.

उधारीची वही, गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक, ठेवीदाराचा हिशेब ही आपल्याजवळची अमानत आहे. म्हणून राउटरमधील सहाव्या आवृत्तीची फायरवॉल चालू आहे याची खात्री करावी. बाहेरून आपणहून येणाऱ्याला अडविणे हे तिचे काम. काही स्वस्त राउटरमध्ये ती बंद असते किंवा मुळातच नसते. विंडोजची स्वतःची फायरवॉल कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा. हिशेबाचा संगणक बाहेरून उघडावयाचाच असेल, तर सरळ दार न उघडता व्हीपीएनची सोय करून घ्यावी. तिच्यासाठी नवा पत्ता उपयोगी पडतो आणि महिन्याचे वेगळे भाडे वाचू शकते.

कुलूप लागले की नाही, हे बाहेरूनच कळते. मोबाइलचे वाय-फाय बंद करून सिमच्या डेटावर यावे. ब्राउझरमध्ये 'एचटीटीपी', विसर्गचिन्ह, दोन तिरप्या रेघा आणि पुढे चौकोनी कंसात कॅमेऱ्याचा २४ ने सुरू होणारा पत्ता लिहावा. कॅमेऱ्याचे पान समोर आले तर ते साऱ्या जगालाही दिसते आहे, असे समजावे आणि राउटर बसविणाऱ्याला त्याच दिवशी बोलवावे. पान न येता बराच वेळ गोल फिरत राहिले, तर निदान ते दार बंद आहे. राउटर बदलला किंवा कंपनी बदलली की ही तपासणी पुन्हा करावी, कारण नव्या यंत्रात सगळ्या खुणा मूळच्या जागी गेलेल्या असतात.