आपलें गाणें, आपलीच साथ

गाणें ही घरोघरची वस्तु आहे. साथ मात्र घरोघरीं मिळत नाहीं. सायंकाळीं देवापाशीं बसून एखादा अभंग म्हणावा असें पुष्कळांस वाटतें. पण तंबोरा जुळविणारा कोणी नसतो, पेटी माळ्यावर धूळ खात असते, आणि बिनआधाराचा आवाज दुसऱ्या कडव्यालाच खालीं उतरूं लागतो. मग गाणाराच ओशाळून गप्प बसतो. आमच्या घरीं ही उणीव ज्या वाद्यानें भरून काढली त्याचें नांव वाचून कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल. तें वाद्य म्हणजे गिटार. ती आठी प्रथम माझ्याच कपाळीं उमटली होती, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या कॉलेजांत जाऊं लागली आणि तिनें गिटार घरीं आणली. एका संध्याकाळीं ती तिच्या साथीवर भूप रागांतलें एक भजन म्हणत होती. दर दोन अक्षरांस डाव्या हाताचीं बोटें जागा बदलीत. गाणें एकीकडे आणि वाद्य दुसरीकडे, असा प्रकार झाला. मी सर्वांदेखत म्हणालों, "हें भजन आहे कीं वादळ?" मंडळी हांसली. मुलगी हांसली नाहीं. पुढें चार महिने गिटार खोळींतून निघाली नाहीं, आणि त्याहून वाईट हें कीं मुलीचें गाणेंहि थांबलें. छत्तीस वर्षें मुलांच्या चुका सुधारण्यांत गेलीं. पण चूक दाखविणें निराळें आणि मूल गप्प करणें निराळें, हें मी स्वतःच्या घरांत विसरलों.

आमच्या घरांतून एके दिवशीं एवढेंच बोलणें झालें, "चूक दाखवलीत, आतां वाटहि दाखवा कीं!" मला गिटार येत नव्हती, पण स्वर येत होते. नातीजवळ जाऊन मीं म्हटलें, "बाळ, त्या दिवशीं मी चुकलों. तूं मला तुझे कॉर्ड सांग, मी तुला माझे स्वर सांगतों."

कॉर्ड म्हणजे तीन वा अधिक स्वर एकदम छेडणें. त्यास आपण स्वरमेळ म्हणूं. साधा मेळ बांधण्याची रीत अशी कीं, एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा. षड्जापासून सा-ग-प, मध्यमापासून म-ध-सा, पंचमापासून प-नि-रे. वाचकांनीं बोटांवर मोजून पाहावें: या तीन मेळांत सातही शुद्ध स्वर येऊन गेले! म्हणजे बिलावल थाटांतील साध्या चालीचा कोणताहि स्वर या तिहींपैकीं एकांत तरी सांपडतोच. शिवाय भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत संवादी स्वरांमधील अंतर नऊ किंवा तेरा श्रुति सांगितलें आहे. सा-म आणि सा-प हे तेच संवाद होत. युरोपांतील संगीत निराळ्या वाटेनें वाढलें, तरी त्या घराचे खांब आपल्या ओळखीच्या जागींच उभे आहेत. हें ऐकून नात म्हणाली, "आजोबा, म्हणजे माझे कॉर्ड तुमच्या पोथींत होते?" मीं म्हटलें, "कॉर्ड नव्हते, संवाद होता."

आतां व्यवहार. गिटारवर जी हा षड्ज धरल्यास सी मध्यम व डी पंचम होतो. हे तिन्ही मेळ नवशिक्याच्या बोटांस साधतात. कॅपो नांवाचा चिमटा दांडीवर एकेक पडदा पुढें चढवीत गेलें कीं षड्ज अर्ध्या अर्ध्या सुरानें चढतो आणि बोटांची ठेवण तीच राहते. आमच्या नातीचा षड्ज काळी पांच. जीचे मेळ धरून कॅपो तिसऱ्या पडद्यावर लावला कीं तो मिळतो. आधीं गळ्याचा षड्ज ठरवावा, मग वाद्याचा. पुष्कळजण उलट करतात आणि गळा ताणतात.

मेळ निवडतांना प्रत्येक स्वरामागें धांवूं नये. चाल जेथें थांबते तो स्वर पाहावा आणि तो ज्या मेळांत असेल तो धरावा. केरव्याच्या आठ मात्रांत एक मेळ पुष्कळ झाला. बदल करावयाचा तो समेवर करावा. संशय आला तर षड्जाच्या मेळावरच राहावें. ओळ संपत आली कीं पंचमाचा मेळ घेऊन षड्जावर परतावें. ऐकणाऱ्यास घरीं आल्यासारखें वाटतें.

मात्र रागाचे नियम पाळले पाहिजेत. भूपांत मध्यम व निषाद वर्ज्य. म्हणून म-ध-सा आणि प-नि-रे हे दोन्ही मेळ तेथें उपरे ठरतात. आमच्या 'वादळा'चें खरें कारण हेंच होतें! भूपाच्या पांच स्वरांत असे मेळ दोनच बसतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. जी षड्ज असतां ते जी व ई मायनर होत. यमनांत मध्यम तीव्र, तेव्हां शुद्ध मध्यमाचा मेळ सोडून सा व प यांच्या मेळांवर काम भागवावें. आसावरी थाटाच्या चालींस ए मायनर, डी मायनर व ई मायनर पुरतात. तेथें ए हा षड्ज. मालकंसांत पंचमच नाहीं. तेथें मेळ बांधण्याचा हट्ट न धरतां सा-म एवढेंच छेडावें, जसा तंबोरा त्या रागासाठीं मध्यमांत जुळवितात.

पडद्यांवरचा गांधार तंबोऱ्यांतून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराहून किंचित् चढा असतो. तो कानास खुपेल तेथें तो वगळून नुसते सा-प वाजवावे. बांधलेल्या स्वरांविषयींची ही तक्रार नवी नव्हे. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीस मज्जाव केला, आणि तो शिथिल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. तरीहि त्या सर्व काळांत घरोघरच्या आरत्या आणि भजनें पेटीवर चाललींच होतीं. मैफलीचा न्याय देवघरास लावूं नये.

हल्लीं रोज दिवेलागणीस आमच्याकडे गिटार खोळींतून निघते. नातीचें म्हणून झालें कीं माझा अभंग असतो. माझ्यासाठीं ती सीचे मेळ धरून कॅपो पहिल्या पडद्यावर लावी, म्हणजे षड्ज काळी एक. गेल्या महिन्यांत वरच्या सुरास माझा आवाज फाटला. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों तिनें कॅपो मुळींच लावला नव्हता. पांढरी एकवर ती माझी वाट पाहत होती. त्याविषयीं ती एक अक्षर बोलली नाहीं, आणि कोणी हांसलेंहि नाहीं.

साथ कशी करावी हें मीं तिला शिकविलें असें मी समजत होतों. दुसऱ्याचा सूर कसा सांभाळावा, हें मात्र त्या दिवशीं मला तिच्याकडून शिकावें लागलें.