ट्रेडमिल घेण्याआधी

वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं, तरी पुष्कळ झालं. उपासमार करून झपाट्याने उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा.

ट्रेडमिल घेताना मोटरची सलग चालतानाची अश्वशक्ती विचारा. जाहिरातीत बहुधा कमाल आकडा असतो. गुडघे दुखत असतील, तर सायकल बरी. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकीच सीट उंच ठेवा. घर लहान असेल, तर रबरी पट्टे आणि डंबेल्सची जोडी पुरते. माझ्या मते सुरुवात याच साधनांनी करावी. पोटाला बांधायच्या ‘घामाच्या पट्ट्या’वर मात्र एक रुपयाही घालवू नका. त्याने उतरतं ते पाणी, चरबी नव्हे; पाणी प्यायलात की काटा पुन्हा जागेवर.