प्रतिपिंडाची ओळख आणि तिची कसोटी

१८९९ पासून परळ येथे असलेल्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष सिद्ध केले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषांना आवरणारी प्रतिपिंडे त्यात असतात. अनेकांना ओळखणे हा त्या मिश्रणाचा गुण होय. प्रथिनाच्या शोधात मात्र तोच दोष ठरतो.

उदाहरणार्थ, ईझेडएच-२ हे प्रथिन हिस्टोन एच-३ मधील २७व्या लायसिनवर मिथिल गट जोडून जनुकांचे कार्य थांबविते. वेस्टर्न ब्लॉटिंगमध्ये पेशींतील प्रथिने विद्युत्प्रवाहाने रेणुभारानुसार विलग करून पटलावर उतरवितात व प्रतिपिंडाच्या साह्याने हुडकतात. ईझेडएच-२ चा पट्टा सुमारे ९५ किलोडाल्टनजवळ उमटतो. तथापि तेवढ्यावरून ओळख सिद्ध होत नाही. तितक्याच रेणुभाराचे दुसरे प्रथिनही तेथे असू शकते. म्हणून ईझेडएच-२ चे जनुक काढून टाकलेल्या पेशींचा नमुना शेजारी ठेवावा लागतो. त्यात ॲक्टिनचा पट्टा पूर्ववत दिसावा आणि ईझेडएच-२ चा नाहीसा व्हावा. ही कसोटी टाळल्यास कर्करोगाच्या गाठीत ईझेडएच-२ वाढल्याचा निष्कर्ष भलत्याच प्रथिनावर आधारलेला असण्याचा संभव राहतो.