‘ब्रेक फेल’ झाले, म्हणजे कोण फेल झाले?

बसचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन शब्द हमखास असतात : ‘ब्रेक फेल’. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ‘बेस्ट’साठी धावणाऱ्या विजेवरील बसने माणसे चिरडली, तेव्हाही पहिली कुजबुज तीच होती. पुढे परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक ठीक असल्याचे सांगण्यात आले आणि चर्चेचा रोख चालकाच्या प्रशिक्षणाकडे वळला. या दोन शब्दांआड तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात : चालकाची चूक, आगाराची हयगय किंवा कारखान्यातलाच दोष. पहिल्या दोहोंवर आपण तावातावाने बोलतो. तिसऱ्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर टाकीत हवा दाबून भरतो. पायडल दाबले की ती चाकांपाशी जाते आणि लायनर ड्रमवर आवळले जातात. पाय उचलल्यावर येणारा ‘फुस्स’ आवाज ही हवा सुटल्याचा. हवाच संपली तर? त्यासाठी मागच्या चाकांपाशी एक दणकट स्प्रिंग हवेच्या जोरावर रेटून धरलेली असते. हवा गेली की ती सुटते आणि चाके जखडते. बिघाड झाला तर गाडी थांबावी, असा हा हिशेब. घाटाची गोष्ट मात्र न्यारी. कसारा किंवा खंबाटकीच्या उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला तर ड्रम तापतो आणि लायनरची पकड सुटते. टाकीत हवा भरपूर, पण गाडी थांबत नाही. म्हणून मुरलेले चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

पण एखादा व्हॉल्व्ह मुळातच सदोष घडला असेल, तर चालकाचे कौशल्य कुठवर पुरणार? अशा वेळी कंपनीने त्या बनावटीच्या साऱ्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्त कराव्यात, याला ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत १९६६ च्या कायद्यातून रुजली. आपल्याकडे २०१२ मध्ये कंपन्यांनी स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. सक्ती आली १ एप्रिल २०२१ पासून. बस-ट्रकच्या बाबतीत वार्षिक विक्रीच्या ३ टक्क्यांइतक्या तक्रारी आल्या की सरकार पाऊल उचलू शकते. दंड १ कोटी रुपयांपर्यंत. मात्र गाडीचे वय ७ वर्षांच्या आत हवे. गावाला येणाऱ्या मुक्कामी गाडीकडे पाहून हा आकडा वाचला, की हसावे की रडावे कळत नाही!

आणि तक्रारी मोजायच्या त्या मालकांच्या. मोटारीचा मालक बहुधा स्वतःच तीत बसतो. बसमध्ये जीव असतो तुमचा-आमचा आणि नाव असते महामंडळाचे. आगारात काय घडते पाहा. चालक ‘ब्रेक उशिरा लागतात’ म्हणून सांगतो, मिस्त्री रातोरात भाग बदलतो, पहाटे गाडी मार्गाला लागते. मिस्त्रीचा यात दोष नाही, उलट त्याच्याच जिवावर एसटी धावते. पण समजा, तोच भाग चिपळूण, परळी आणि वणीच्या आगारांतही पुनःपुन्हा बदलला जात असेल, तर? ही बेरीज एखाद्या आगाराला दिसणारच नाही. ती वरच्या कचेरीनेच करायला हवी. हजारो गाड्यांचा मालक एकच असणे ही खरे तर प्रवाशांची ताकद आहे. दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत बांधलेल्या गाडीची बॉडी एसटीची, पण चेसिस आणि ब्रेक कंपनीचे. तेव्हा दुरुस्तीचे बिल कोणी भरायचे, हेही त्या बेरजेवरच ठरेल.

मालकांखेरीज चाचणी संस्था किंवा अन्य कोणाकडून आलेल्या माहितीवरूनही सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते, अशी तरतूद कायद्यात आहे. तेव्हा उतारावर जळका वास आला किंवा चालक पुनःपुन्हा पायडल मारताना दिसला, तर स्थानकावर तक्रारवही मागून घ्यावी. नुसते ‘ब्रेक खराब’ लिहून भागत नाही. गाडीचा क्रमांक, तारीख, ठिकाण, चढ होता की उतार, गाडी भरलेली होती की रिकामी, एवढे तरी लिहावे.